तपासणीचा निकाल दारावर लावा

संपादक महोदय,

दिवाळीच्या तोंडावर खव्यावरच्या धाडींच्या बातम्या येतात, जप्त मालाचे फोटो छापले जातात आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत सगळे थंड होते. वर्षभर आपण जिथे मिसळ नि डोसे खातो, तिथल्या भटारखान्यात अन्न सुरक्षा अधिकारी शेवटचा कधी डोकावला आणि त्याला काय दिसले, हे मात्र गिऱ्हाइकाला कळत नाही.

परवाना लावलेला असतो, नाही असे नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात तो गल्ल्यामागे, गणपतीची तसबीर आणि ‘आज रोख उद्या उधार’ या पाटीच्या मधोमध टांगला आहे. काचेवर तेलाची पुटे अशी की १४ आकडी क्रमांकातले निम्मे आकडे दिसत नाहीत. दिसले तरी काय? परवाना म्हणजे धंदा करायची मुभा. तळणाचे तेल कितव्यांदा तापते आहे आणि टेबल पुसायचा फडकाच ताटांवरून फिरतो का, हे त्यावरून कसे कळणार?

‘एफएसएसएआय’ या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची हायजीन रेटिंग, म्हणजे स्वच्छतेची श्रेणी देण्याची, योजना आहे. एक ते पाच हसरे चेहरे; हॉटेले, बेकऱ्या, मिठाईची दुकाने सगळ्यांसाठी. पण ती ऐच्छिक, तपासणी खासगी संस्थेची आणि तिची फी भरणार हॉटेलवालाच. ज्याला चांगल्या निकालाची खात्री तोच पुढे येणार. उरलेल्यांची दारे कोरीच.

ब्रिटनमध्ये, स्कॉटलंड सोडले तर, शून्य ते पाच अशी श्रेणी आहे आणि ती स्थानिक प्रशासनाचे अधिकारी देतात. वेल्समध्ये नोव्हेंबर २०१३ पासून ती प्रवेशदारावर लावणे सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये लावायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर. मर्जीवर सोडले की पाचवाला मिरवतो आणि एकवाला स्टिकर ड्रॉवरमध्ये टाकतो, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? न्यूयॉर्कने २०१० मध्ये ए, बी, सी अशी अक्षरेच दारावर लावायला लावली.

यावर ‘मग अधिकाऱ्यांचा हप्ता वाढेल’ असे कोणी म्हणेल, आणि ही भीती खोटी नाही. म्हणूनच नुसता शेरा नको, तपासणीचा अख्खा अहवाल लोकांना पाहता यावा. आत झुरळे फिरताना दिसली आणि दारावर पाच चेहरे असतील, तर प्रश्न हॉटेलवाल्यासोबत सही करणाऱ्यालाही विचारता येईल. ब्रिटनमध्ये मालकाला अपील करता येते, सुधारणा करून फेरतपासणी मागता येते. तशी सोय इथेही हवी. एका वाईट दिवसापायी कोणाचा धंदा बसू नये. अर्थात, त्यासाठी अधिकाऱ्यांची संख्या वाढवावी लागेल, हे सरकारने आधीच कबूल करावे.

वडापावच्या गाडीवाल्याला मात्र पहिल्याच दिवशी या फूटपट्टीने मोजू नका. महापालिकेने नळ आणि कचऱ्याची सोय दिली नाही, तर त्याने हात धुवायचे कुठे? सुरुवात मोठ्या हॉटेलांपासून, मिठाईवाल्यांपासून आणि लग्नाच्या हॉलमधल्या केटररपासून करावी. फक्त ॲपवरच्या ऑर्डरी बनवणाऱ्या क्लाउड किचनला तर गिऱ्हाइकासाठी दारच नसते. तिथे ॲपवर परवाना क्रमांकाशेजारी शेवटच्या तपासणीची तारीख आणि श्रेणी दाखवणे बंधनकारक करावे. ॲपवरचे तारे चवीचे आणि वेळेत आलेल्या पार्सलचे असतात. ते देणाऱ्याने स्वयंपाकघर पाहिलेले नसते.

– एक वाचक, ठाणे