अनू, बॅज लावलास का

चि. अनू,

अनेक आशीर्वाद.

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. आई झोपली आहे, घोरते आहे चांगली. मी स्वयंपाकघरात बसून एका बोटाने टाईप करतोय, चुका झाल्या तर समजून घे. फोनच केला असता पण फोनवर तू "हो पप्पा, हो पप्पा" करतेस आणि मी पण जेवलीस का, लोकल मिळाली का असलं काहीतरी विचारून फोन ठेवतो आणि मूळ गोष्ट राहूनच जाते.

आईने गुरुवारी रात्री सांगितलं. भांडी घासता घासता, जसं काही दूधवाला उद्या येणार नाही असं सांगावं तसं. म्हणाली सोमवारी सकाळी अनूच्या मनगटावर ते औषध सांडलं होतं थोडं, सुई सैल होती, हातमोजा आणि बाहीच्या मधल्या जागेवर थेंब पडला, धुतलं लगेच, आता काही नाही. मी म्हणलो कुठलं औषध? ती म्हणाली ते रोज सकाळी काढतात ते. म्हणजे टेक्नेशियम, किरण सोडणारं. मग मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. हाफ लाईफ ६ तास, म्हणजे दर ६ तासांनी उरलेल्याचं अर्धं. सोमवार सकाळ ते गुरुवार, तीन दिवस, ७२ तास, बारा वेळा अर्धं. म्हणजे ४०९६ मधला एक भाग. तो पण तू धुतल्यानंतर जे काही उरलं असेल त्याचा. म्हणजे मला कळायच्या आधीच सगळं संपलेलं होतं. हे सगळं मला समजतं अनू, मी काही अडाणी नाही, तरी झोप आली नाही, आज शनिवार तरी नाही.

तुझा तो किरण मोजणारा बॅज तेव्हा छातीला होता का?

एवढंच विचारायचं होतं आणि खरं तर हे पण विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

तू आईला सांगितलंस, मला नाही, याचा राग नाही. नाही म्हणजे गुरुवारी होता. पण का नाही सांगितलंस ते मला माहीत आहे. त्या रविवारी पाहुणे आले होते तेव्हा मुलाचे मामा पोह्यांची प्लेट हातात धरून म्हणाले, "मुलगी रेडिएशनमध्ये आहे म्हणे, म्हणजे पुढं मुलाबाळांचं काही..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी बत्तीस वर्षं एक्सरे काढले, त्या खोलीत यावर बोलायचा अधिकार कुणाला असेल तर मला, आणि मी पंख्याकडे बघत बसलो. शेवटी तूच बोललीस. बॅज असतो, दर तीन महिन्यांनी वाचायला जातो, अंगाला लागणाऱ्या किरणांचं माप मिलिसिव्हर्ट, वर्षाला सरासरी २० ची मर्यादा आहे, एका वर्षात ३० च्या वर कधीच नाही, दिवस गेले की आधी कळवायचं आणि मग पोटातल्या बाळासाठी १ मिलिसिव्हर्ट, कामाची जागा पण बदलून देतात. हिरोशिमातून वाचलेल्यांच्या पुढच्या मुलांमध्ये पण आनुवंशिक दोष वाढलेले दिसले नाहीत हे पण सांगितलंस. मामा म्हणाले तसं नव्हे, आपलं विचारलं. आणि रात्रीच्या बसने तू गेलीस ते स्टँडवर माझ्याशी बॅगेशिवाय दुसरं काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेंब. रात्रभर बसमध्ये जागून सरळ हॉट लॅबमध्ये, त्या औषध भरायच्या खोलीत, गेली होतीस ना? सुई नीट न बसायला ते पण कारण असेल. म्हणजे त्या थेंबात थोडा मी पण आहे असं मला वाटत राहतं, आई म्हणते तुम्ही कशाचा संबंध कशाशी जोडता.

मी गप्प का बसलो ते सांगतो. हे आईला अर्धं माहीत आहे, तुला अजिबात नाही.

१९८९ ला मी लागलो तेव्हा आमची एक्सरेची खोली म्हणजे एक मशीन, एक डार्करूम आणि भिंतीत एक खिळा. त्या खिळ्याला लेड ॲप्रन, घडी घालूनच, त्यामुळे आतलं शिसं घडीवर तडकलेलं असणार हे आता कळतं, तेव्हा कोण बघतंय. आणि त्याच ॲप्रनला माझा बॅज. मी असो नसो बॅज खोलीतच. एकदा रीडिंग जास्त आलं म्हणून पत्र आलं, खुलासा द्या. मी लिहून दिलं, बॅज चुकून खोलीत राहिला होता, आणि ते खरंच होतं. पण त्यानंतर मी काय केलं, तर बॅज बाहेरच्या खोलीत टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. मग काय, रीडिंग शून्य. वर्षानुवर्षं शून्य. साहेब खुश, मी खुश. आणि आत मी लहान पोरांचे हातपाय धरायचो, कारण पोरगं हलायचं आणि आई घाबरलेली किंवा पोटुशी असायची, नातेवाइकाने ॲप्रन घालून धरायचं असा नियम आहे, स्टाफने नाही, मला पाठ आहे नियम. फिल्म परत काढायला पैसे कोण देणार म्हणून धरायचो. किती वेळा धरलं असेल? कुठे लिहिलेलंच नाही. सरकारी कागदावर मी असा माणूस आहे ज्याला बत्तीस वर्षांत काही झालंच नाही.

तुझ्या आधी आईला एकदा दिवस गेले होते ते तुला ठाऊक आहे. तिसऱ्या महिन्यात गेलं. डॉक्टर म्हणाले असं होतं पुष्कळ बायकांना, कशाशी संबंध नाही. तू पण हेच म्हणशील आणि तेच बरोबर आहे. पण माझ्याकडे दाखवायला आकडा नाही अनू. मामांनी विचारलं तेव्हा मी तुझा विचार करत नव्हतो, त्या ड्रॉवरचा करत होतो. म्हणून तोंड उघडलं नाही. त्यांना वाटलं बापालाच खात्री नाही. तुला पण तेच वाटलं असेल.

म्हणून मी बॅज बॅज करतो. तुझ्या नावाचा आकडा आयुष्यभर नोंदवून ठेवतात, तो खरा असू दे. कमी यावा म्हणून काढून ठेवायचा नाही, आणि जास्त आला तर घाबरून लपवायचा पण नाही. सिनिअर कितीही घाई करोत, ट्रेनिंगवालं पोरगं म्हणून सगळी उपसण्याची कामं तुझ्यावर टाकोत, बॅज लावल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, ॲप्रन घातलाच तर बॅज त्याच्या आत, आणि सुई दोनदा फिरवून बघायची, जागरण झालं असेल तर सरळ सांगायचं आज मी डोस भरत नाही, आणि मोजे

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. तू हे सगळं माझ्यापेक्षा जास्त शिकली आहेस. दिवाळीत मी विचारलं होतं पेट स्कॅनला लेड ॲप्रन का घालत नाही, तर तू हसलीस आणि म्हणालीस पप्पा त्या गॅमा किरणांना अर्ध्या मिलिमीटरचं शिसं म्हणजे साडीचा पदर आहे. त्यापेक्षा लांब उभं राहा, पटकन आटप, सिरिंजला टंगस्टनचं जाड कवच घाल. अंतर दुप्पट तर किरण पाव. मला पटायला दोन दिवस लागले. माझी सगळी नोकरी एका बटणावर होती, श्वास रोखा, बटण दाबलं, सोडलं, संपलं, की खोली देवघराइतकी स्वच्छ. तुझ्याकडे बटणच नाही. इंजेक्शन दिलं की तो पेशंटच चालता बोलता दिवा, आणि तो संडासला जाणार, घाबरणार, रडणार. या गोष्टीची मला भीती वाटते आणि तुझं कौतुक पण याच गोष्टीचं वाटतं, दोन्ही एकदम वाटतं, काय करू.

त्या सोलापूरच्या आजींची गोष्ट तू सांगितलीस ना, तेव्हा मी टीव्ही बघतोय असं दाखवलं पण ऐकत होतो. इंजेक्शननंतर तासभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं आणि त्या म्हणाल्या, का गं पोरी, आत्तापर्यंत जवळ बसून बोलत होतीस, आता दारात का उभी राहतेस. तेव्हापासून तू सगळं बोलणं, समजावणं, हात धरणं सुईच्या आधी उरकून घेतेस म्हणालीस. हे तुला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. हे सुमनआत्याचं आहे.

आठवतं का तुला? २०१२, आत्या मुंबईहून किरणांच्या आयोडीनचा उपचार घेऊन आली ते ऐन गणपतीत. तिथं एकटीला खोलीत ठेवलेलं, जेवण दारात. घरी आली तर आपण काय केलं, तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, गादी माळ्यावर. डॉक्टरांनी थोडे दिवस सांगितले होते, आपण संक्रांत आली तरी चालूच ठेवलं, विटाळ धरल्यासारखं, आणि मी घरातला शिकलेला माणूस, किरणांतला, मी पण गप्पच. (गप्प बसायची माझी जुनी सवय आहे बघ.) तू सातवीत होतीस. मी तुला भाकरी मोडून दाखवली होती, आठ दिवसांनी अर्धी, अजून आठ दिवसांनी त्याची अर्धी. संक्रांतीला सगळे तिळगूळ आत्याच्या हातावर वरून टाकत होते, तर तू वही घेऊन आलीस आणि आजीच्या समोर म्हणालीस, चौदा वेळा अर्धं झालं, १६,३८४ मधला एक तुकडा उरला, एवढी भाकरी मुंगी पण खात नाही. आणि आत्याचं ताट उचलून सगळ्यांच्या ताटांत नेऊन ठेवलंस. आजी काही बोलली नाही. आत्या मोरीत जाऊन रडली. मला त्या दिवशी कळायला पाहिजे होतं तू कुठल्या वाटेने जाणार ते.

परळला तुझ्या चौकशीसाठी आलो होतो तेव्हा फुटपाथवर चटया टाकून बसलेली माणसं, रिपोर्टच्या पिशव्या, स्टोव्हवर चहा, आणि तू त्या गर्दीतून रस्ता काढत पुढे, मी मागे. रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे हे तू मला सांगत होतीस, जसं काही तूच काढलंयस. मी त्या दिवशी गावात चार जणांना फोन केले. वैद्यकीय शास्त्रज्ञ होणार म्हणून सांगितलं, पदाचं नाव काय ते नीट माहीत नव्हतं.

आजी असती तर अजून हसली असती. वाशीहून जनरेटर येतो, विजेचा नव्हे, टेक्नेशियम तयार करणारा, त्यातून रोज सकाळी सलाईन घालून टेक्नेशियम काढतात आणि त्याला सगळे मिल्किंग म्हणतात, हे तू फोनवर सांगितलंस तर ती म्हणाली होती, अगं दूधच काढायचं होतं तर बंडूची म्हैस काय वाईट होती. शिशाच्या डब्यात काचेची नळी, एका बाजूने सलाईनची बाटली लावायची, दुसरीकडे हवा काढलेली रिकामी बाटली, ती आपोआप ओढून घेते, आणि एकदा काढलं की परत भरायला दिवसभर लागतो म्हणून रोज एकदाच. म्हैस दोनदा देते, असं आजीचं उत्तर.

२०१० च्या मायापुरीचं कात्रण माझ्याकडे अजून आहे, दिल्लीत भंगारात किरण सोडणारं कोबाल्ट गेलं, एक माणूस दगावला. तू म्हणतेस त्याचा आणि तुझ्या कामाचा काही संबंध नाही, ते बंद पडलेलं यंत्र कुणी हिशोब न ठेवता विकलं. बरोबर. हिशोब न ठेवता. मी तेच म्हणतोय.

पाहुण्यांना मी काल फोन केला. आईला अजून सांगितलेलं नाही. मामांनाच केला. म्हणलो माझी मुलगी जे काम करते त्यात धोका मोजला जातो, मी जे काम केलं त्यात मोजला जात नव्हता, आणि तरी मला अशी मुलगी झाली. एवढं बोललो आणि पुढं सुचेना म्हणून हवापाण्याचं विचारून ठेवला. ते काय कळवतात ते कळवू देत, तुला नको असेल तर मीच नाही म्हणून कळवतो, ट्रेनिंग पूर्ण होईपर्यंत मी या घरात हा विषय काढणार नाही. आईची गॅरंटी देत नाही.

पुढची रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची परीक्षा देणार आहेस ना, फॉर्मचे पैसे सांग. आणि मनगट एकदा व्हिडिओ कॉलवर दाखव, फक्त एकदा, मग नाही विचारणार. तुझ्या सरांनी रजिस्टरला नोंद केली असं आई म्हणाली ते वाचून, म्हणजे ऐकून, मला सगळ्यात बरं वाटलं. सरांना माझा नमस्कार सांग. तू स्वतः जाऊन सांगितलंस ना त्यांना? मी नसतं सांगितलं तुझ्या वयात.

बुधवारच्या एसटीने मेथीचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतोय, डबा परत आण, मागचे दोन अजून तिकडेच आहेत.

तुझे पप्पा

ता. क. ते किरण मोजायचं बोटात अंगठीसारखं घालतात ते पण घालतेस ना, आणि चिप तळव्याकडे ठेवतेस ना? हे आई विचारते आहे, मी नाही.