बोलतेय का विचारता, पडतेय का तेही विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू न येणाऱ्यांच्या कानात ऑपरेशन करून बसवतात ते मशीन) झालेल्या पोरांचा फोटो आला होता, एक पोरगं पहिल्यांदा आवाज ऐकून दचकलंय आणि आई रडतेय असा. खोटं कशाला बोलू, मलाही रडू आलं, कारण आमच्या घरी तो दिवस येऊन गेलाय. पण त्या बातमीत एक गोष्ट नव्हती, अशा पोरांच्या तोलाची, आणि ती कुठल्याच बातमीत नसते, म्हणून लिहायला बसले. मी अंगणवाडी सेविका आहे, लिहायची सवय रजिस्टरपुरतीच, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी आता ७ वर्षांची आहे. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. ३ वर्षांची असताना उजव्या कानाचं ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, नंतर स्विच ऑन (मशीन पहिल्यांदा चालू करणं), मॅपिंग (आवाज तिच्या कानाला जुळवून घेणं), आठवड्याला स्पीच थेरपीच्या खेपा, सगळं केलं. आज ती बोलते, भावाच्या चुगल्या करते, शेजारच्या काकूंना उलट उत्तर देते. तेव्हा मशीनबद्दल माझी काडीची तक्रार नाही, ज्यांनी दिलं त्यांचे उपकारच आहेत. तक्रार तिच्या पडण्याबद्दल आहे.

हिनं मान धरली तीच सातव्या महिन्यात, आणि चालायला लागली २२व्या. दुसऱ्याचं पोर १८ महिने झाले तरी चालत नसेल तर मी स्वतः कार्डावर खूण करून पुढे पाठवते, आणि माझ्याच घरात मात्र सगळे म्हणाले ऐकू येत नाही ना म्हणून उशीर होतोय, आणि मीही मान डोलावली. कान आणि चालणं यांचा असा काय संबंध, हे तेव्हा विचारायला सुचलंच नाही. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस उलट्या झाल्या, उभी केली की एका बाजूला कलायची, मग ते कमी झालं. घरी सोडताना सांगितलं होतं थोडे दिवस चक्कर येईल, तेवढंच. पुढे चार वर्षं दर भेटीत एकच प्रश्न, बोलते का, किती शब्द बोलते. पडते का हे एकदाही कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

दिवसा काही कळत नाही हो. धावते, खेळते. पण रात्री लाईट गेली की जिथे असेल तिथे खालीच बसते. आम्हाला वाटायचं अंधाराला भिते. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्याला रुमाल बांधला की दोन पावलात आडवी. शाळेत लंगडीत हिला कुणी घेईना, बाई म्हणाल्या लक्ष देत नाही खेळात. आणि गंमत सांगते, जत्रेतल्या चक्रीत कितीही गरगर फिरवा, बाकीची पोरं उतरल्यावर झिंगल्यासारखी चालतात, हिला काही नाही. आम्ही कौतुक करायचो, पोरगी लई खंबीर आहे म्हणून!

कौतुकाची हवा निघाली ती फिजिओथेरपीच्या एका मॅडमकडे. खरं तर मी माझी कंबर दाखवायला गेले होते, पोरगी बरोबर होती. त्यांनी तिला ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत बसवून दहा वेळा गोल फिरवलं आणि खुर्ची थांबवून डोळे बघितले. आपले डोळे अशा वेळी टकटक एका बाजूला पळतात, हिचे शांत, जागच्या जागी. मग जाड फोमच्या गादीवर उभी केली, डोळे उघडे तर ठीक. डोळे मिट म्हटल्यावर झाड पडावं तशी गेली, हातसुद्धा पुढे आला नाही. मॅडमनी धरलंच होतं. एका पायावर डोळे मिटून चार सेकंदसुद्धा नाही. मशीनची कॉइल, म्हणजे डोक्याला बाहेरून चिकटणारी चकती, डोक्यावरून सुटून वायरीला लोंबत होती आणि माझा हात सवयीनं आधी तिकडेच गेला, पोरीकडे नंतर. याची मला अजून लाज वाटते.

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. ऐकायचा भाग गोगलगायीच्या शंखासारखा असतो, आणि त्याला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन बारक्या पिशव्या असतात, त्या तोल सांभाळतात. आतलं पाणी एकमेकांना जोडलेलं. म्हणून जन्मतः शंख बिघडलेला असेल तर शेजारचाही बिघडलेला असू शकतो, मेंदूज्वरानं बहिरेपण आलं असेल तर जास्तच. शिवाय ऑपरेशनमध्ये बारीक तार शंखात सरकवतात, एक पिशवी अगदी तिथे शेजारी असते, तिला धक्का लागू शकतो. मग मूल डोळ्यांवर आणि पायाच्या तळव्यांवर तोल धरतं. अंधार झाला, खाली गादी किंवा वाळू आली की संपलं.

मी विचारलं, म्हणजे ऑपरेशननं झालं का हे? त्या म्हणाल्या सांगता येणार नाही, आधीची तपासणी कुठाय? फाईल एवढी जाड, सीटी, एमआरआय, बेरा (ऐकू येतं का ते बघायची टेस्ट), सगळं आहे, तोलाची एक ओळ नाही. मान उशिरा धरली त्यावरून आधीपासूनच असावं असं त्यांना वाटतं, पण ऑपरेशननं त्यात भर पडली का ते आता कायमचं राहून गेलं.

आणि ही काही आमच्या एकटीची गोष्ट नाही. कॅनडात टोरंटोच्या सिककिड्स हॉस्पिटलात शॅरन कशिंग नावाच्या डॉक्टर आणि त्यांच्या सोबतच्यांनी इम्प्लांटवाली मुलं तपासली तर साधारण निम्म्यांचा कानातला तोल बिघडलेला निघाला, आणि ज्यांचा तोल बिघडलेला त्यांच्या आतल्या मशीन बंद पडायचं प्रमाणही जास्त, पडून डोकं आपटतं हे एक कारण असावं असं त्या म्हणतात. म्हणजे लाखाचं मशीन जपायचं असेल तरी तोल बघा! बेल्जियममध्ये गेंटच्या लोकांनी २०१८ पासून बहिऱ्या बाळांची ६ महिन्यांतच तोलाची टेस्ट सुरू केलीय, मानेला चिकटपट्ट्या लावून कानामागे कंप देतात, बाळाला काही दुखत नाही.

आपल्याकडे लगेच तसं होणार नाही, कळतं मला. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी माझ्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, २०१३ साली ही योजना आपल्या पालघरमधूनच सुरू झाली. बाळाला ऐकू येतं का हे त्यात बघतात, बाळ उशिरा चालतंय का हेही बघतात, फक्त दोन्हीची सांगड कुणी घालत नाही. बहिरं मूल उशिरा चाललं की तोल तपासा, एवढं एक वाक्य वाढवायला काय खर्च आहे? मोठ्या मुलांना लंगडी घालायला लावा, मशीन नसलेली टेस्ट आहे ती. आणि इम्प्लांटच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तोल बघून फाईलला लावा, जिथे स्पीच थेरपी कंपल्सरी आहे तिथे चार दिवस फिजिओही असू दे.

इम्प्लांटला घाबरून कुणी तारीख पुढे ढकलू नका, हे हात जोडून सांगते, वय निघून गेलं तर बोलणं परत येत नाही. आणि तोलावर व्यायाम आहेत. आम्ही रोज संध्याकाळी करतो, उशीवर उभं राहायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरचा आकडा बघत मान हलवायची, फरशीच्या रेघेवरून चालायचं. डोळे मिटून गादीवर आता ती सहा सेकंद उभी राहते, ओरडून मोजते स्वतःच. एक मात्र कायमचं बंद केलं. यांना तिला उन्हाळ्यात पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवायचं होतं. पाण्यात मशीन तर काढावंच लागतं, पाय टेकत नाहीत, डोळे मिटलेले, अशा वेळी वर कुठे आणि खाली कुठे हेच या मुलांना कळत नाही आणि ती खालच्या बाजूला जाऊ शकतात, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा हे गप्पच झाले. ज्या ज्या घरात असं मूल आहे तिथे एवढं तरी पोचलं पाहिजे.

आता डाव्या कानाचंही ऑपरेशन करा म्हणतायत. करायचंय आम्हाला. पण डाव्या बाजूचा तोल थोडाफार शिल्लक असेल आणि ती त्याच्याच जोरावर उभी राहत असेल तर? आधी दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासून मगच ठरवायचं असं आम्ही ठरवलंय. सोलापूर, बार्शी भागात लहान मुलांची ही टेस्ट कुठे होत असेल तर कुणा वाचकानं किंवा डॉक्टरांनी तुमच्या पेपरातूनच कळवावं, पुण्या-मुंबईला एका टेस्टसाठी तीन दिवसांची रजा मला मिळत नाही.

एक अंगणवाडी सेविका, माढा तालुका, जि. सोलापूर