गोधडी टांगली तर बिघडलं कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात नाशिकला एका छोट्या प्रदर्शनात मी आईच्या साड्यांची गोधडी लावली होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली, तिच्या सात साड्या, बाबांचा एक शर्ट आणि मधला एक चौकोन नुसता पांढरा ठेवलाय कारण ती जागा भावाची आणि वाटणीवरून वाद झाल्यापासून आम्ही बोलत नाही. एका पदरावर हळदीचा डाग आहे, तो मी मुद्दाम धुतला नाही, स्वयंपाक करताना आई तिथेच हात पुसायची. तर बघायला आलेले एक काका म्हणाले घरातलं असं चव्हाट्यावर आणू नये, गोदाघाटाची चित्रं काढा. दुसऱ्या दिवशी बघते तर आयोजकांनी गोधडीखालची माझी चिठ्ठी काढून टाकलेली, मला न विचारता.

फार लागलं मनाला. आपल्या रामकुंडावर रोज लांबलांबून लोक अस्थी घेऊन येतात, सगळ्यांदेखत रडतात, त्यांना कोणी नावं ठेवत नाही, मग तेच रडणं कापडावर आलं तर लाज कसली? आणि हे काही नवीन फॅड नाहीये. जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी काय गायलं, माहेर तुटलं, भावजय आली आणि भाऊ बदलला, धनी गेला, हेच ना? लोकगीतांचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या टीमने गावोगाव फिरून अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात.

माझी एक मैत्रीण घटस्फोटानंतर फक्त दोन कपांची चित्रं काढते, एक चहाचे डाग पडलेला, एक कोरा. इतकी सुंदर आहेत पण कोणाला दाखवत नाही, लोक नको ते विचारतील म्हणते.

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी शहरात एवढे कार्यक्रम होतात, त्यात एक तास अशा घरच्या ओव्या, कविता, चित्रांना द्या ना कोणीतरी. तुमच्या रविवारच्या पुरवणीतही थोडी जागा मिळाली तर बरं होईल, हवं तर नाव न छापता.

शेवटच्या दिवशी वहिनी एकटीच येऊन गेली असं कळलं, पांढऱ्या चौकोनापाशी बराच वेळ उभी होती म्हणे. तिला एवढंच सांगायचंय, दादाचा एखादा जुना शर्ट पाठव, तेवढे टाके मी उसवून ठेवलेत.

एक वाचक, पंचवटी, नाशिक