गोदाकाठच्या नंदाचा प्रश्न

संपादक साहेब, सप्रेम जयभीम.

बुद्ध पौर्णिमेच्या पुरवण्यांत मुनी म्हटलं की दरवर्षी तेच चित्र, डोळे मिटून बसलेला, जगाशी बोलणं सोडलेला माणूस. मला हे पटत नाही. मुनी नेमका कोण हा प्रश्न खुद्द बुद्धांना विचारणारा नंद आपल्या गोदावरीच्या काठावरून गेला होता, आणि हे आपल्याकडं फारसं कुणी सांगतच नाही.

सुत्तनिपात या जुन्या पाली बौद्ध ग्रंथातला शेवटचा भाग म्हणजे पारायणवग्ग. बावरी नावाचा ब्राह्मण अस्सक देशात गोदाकाठी वेचलेलं धान्य आणि फळं खाऊन राहायचा, त्याने आपले १६ शिष्य बुद्धांकडं प्रश्न विचारायला पाठवले, नंद त्यांतलाच एक, वाटेत प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, मग महिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, श्रावस्ती असं करत करत थेट मगध. ही प्रवासाची हकीकत मूळ प्रश्नोत्तरांना पुढच्या काळात जोडलेली आहे असं अभ्यासक मानतात, मान्य, पण जोडणाऱ्याला गोदाकाठच आठवला ना.

तर नंद विचारतो, लोक म्हणतात जगात मुनी आहेत, मग ज्ञान असलेल्याला मुनी म्हणायचं की ठराविक पद्धतीने जगणाऱ्याला? बुद्ध म्हणतात, मतांमुळे नाही, ऐकीव गोष्टींमुळे नाही, ज्ञानामुळे सुद्धा नाही, ज्यांनी भांडणाची फौजच मोडून टाकली, ज्यांना क्लेश नाही, हाव नाही, असे जे वावरतात त्यांना मी मुनी म्हणतो. पोरगं तेवढ्यावर गप्प बसत नाही, व्रतांनी नियमांनी शुद्ध होतो म्हणणारे श्रमण-ब्राह्मण जन्म-जरा तरून गेले का असंही विचारतं, आणि उत्तर सरळ येतं, नाही.

सुत्तनिपाताच्याच अट्ठकवग्ग या भागात तर मुनी स्वतःला कुणापेक्षा वरचा, बरोबरीचा की खालचा असं बोलतच नाही. ज्या मराठवाड्यात अजून नाव सांगितलं की आधी आडनाव विचारतात, नामांतराच्या काळात जळलेली घरं ज्या पिढीने पाहिली, तिथं ही ओळ वाचताना मला भरून येतं. मात्र हक्क सोडून गुमान बसा असा अर्थ कुणी काढू नये. धम्मपदात स्वच्छ आहे की मूढ माणूस नुसता गप्प बसला म्हणून मुनी होत नाही, तराजू हातात धरल्यासारखं तोलून जो चांगलं घेतो आणि पाप टाळतो तो मुनी.

हे सगळं भिक्खूंसाठी, आपण संसारी माणसं, असं विहारात बरेच जण म्हणतात. मग सम्राट अशोकाचा राजस्थानातल्या बैराटचा शिलालेख बघा, त्यात सांगितलेल्या ७ धम्मपाठांत मुनिगाथा आहे, मोनेयसुत्त आहे, दोन्ही मुनीबद्दलचेच, आणि ते भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही पुन्हापुन्हा ऐकावेत, मनात धरावेत असं राजाने लिहून ठेवलंय.

म्हणून विनंती अशी की येत्या वर्षावासात, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहतात त्या काळात, आषाढ पौर्णिमेपासून, विहारांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनासोबत नंदाच्या या गाथाही अर्थासकट वाचाव्यात, बायाबापड्यांना आणि लेकरांना समजेल अशा मराठीत. तुमच्या पेपरनेही त्या छापाव्यात, इकडं पाली शिकवणारे चांगले लोक आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि पैठणला नदीकाठी बावरीच्या शिष्यांच्या वाटेचा एक फलक लागावा, हे तुम्ही प्रशासनाच्या कानावर घालाल अशी आशा आहे.

आपला,
एक उपासक वाचक, पैठण तालुका