मनू, काउन्सेलिंगला जायचं तर आधी हे वाच

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हा विषय निघाला की पप्पा बोलायला लागतात, तू चिडतेस आणि मूळ मुद्दा राहूनच जातो, म्हणून ड्युटीवरून आल्यावर निवांत बसून लिहितेय. बीए सायकॉलॉजी झालं की काउन्सेलिंगमध्येच जायचं असं तू ठरवलंयस, माझी काहीच हरकत नाही, उलट तू जावंस असं मला मनापासून वाटतं. पप्पा विचारतात नोकरी कुठंय, पगार काय. त्यांचं विचारणं बरोबर आहे गं, त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही एवढंच.

गरज आहे का हे लातूरमध्ये राहून विचारायलाच नको. नीटसाठी नांदेड, परभणी, बीड कुठून कुठून पोरं येतात, एका खोलीत तिघं-चौघं, मेसचा डबा, सकाळी क्लास, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट. त्यातलं एखादं पोरगं जीव द्यायचा प्रयत्न करून रात्री कॅज्युअल्टीत येतं तेव्हा आम्ही सगळं करतो, सलाइन लावतो, रात्रभर बीपी बघतो, आणि चार-पाच दिवसांत ते उठून चालायला लागतं. पण तेवढ्या दिवसांत त्याची आई कॉटला टेकून बसलेली असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला पोटात इन्फेक्शन झालंय म्हणून सांगत असते, वडील बाहेर एमएलसीचं, म्हणजे पोलिसांत नोंद होते त्या केसचं, पुढं काय होणार ते विचारत फिरत असतात, आणि त्या पोराशी बसून बोलणारं कुणी नसतं. मानसोपचाराचे डॉक्टर येतात, तपासतात, गोळ्या लिहितात, पण त्यांच्यामागं ओपीडीची एवढी रांग असते की ते तरी किती वेळ देणार. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 काय म्हणतं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. कायदा चांगलाच आहे, पण ते करायला शिकलेली माणसं लागतात. मला तिथं तू दिसतेस.

आता नोकऱ्यांचं. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या केसमध्ये सांगितलं की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील त्या संस्थेत किमान एक क्वालिफाइड काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजे, त्यात कोचिंग क्लासेस पण आले. म्हणजे आपल्याच गावात काम निघणार. पण एक ऐक, काही ठिकाणी जाहिरातीत काउन्सेलर लिहितात आणि आत गेल्यावर फोन करून ॲडमिशन आणायला लावतात, महिन्याचं टार्गेट असतं. ती सेल्सची नोकरी आहे, तसली घेऊ नकोस, इंटरव्ह्यूलाच विचार की मुलांशी बोलायला वेगळी खोली आहे का आणि मी रिपोर्ट कुणाला करायचं.

सरकारीत बघशील तर एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसीत समुपदेशक असतात, किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिकमध्ये असतात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्कर घेतात, शिवाय 2022 पासून टेलिमानसची 14416 ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन चालू आहे तिथं पण. ह्या बहुतेक कंत्राटी, ऑर्डर दरवर्षी नवीन निघते, पगार फार नाही, हे पप्पांना स्पष्टच सांगायचं. फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक असतात पण तिथं एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधलं मास्टर्स, आणि अनुभव मागतात, तुझा तो रस्ता नाही. कंपन्यांमधलं काउन्सेलिंग पुण्यामुंबईत चालतं, ते नंतर बघता येईल.

माझं म्हणणं असं की तू पहिली दोन-तीन वर्षं सरकारी दवाखान्यात किंवा चांगल्या संस्थेतच काढावीस, पैसे कमी मिळाले तरी. आमच्याकडच्या आयसीटीसीच्या ताई बघते ना मी. टेबलावर रजिस्टर, फ्लिपचार्ट, बाहेर बाकावर लोक बसलेले, आणि आत एखादा ड्रायव्हर पोरगा रिपोर्ट हातात घेऊन गप्प बसलेला. ताई काहीच बोलत नाहीत. पेन खाली ठेवतात, खुर्ची टेबलाच्या बाजूनं त्याच्याकडं ओढतात आणि थांबतात, बऱ्याच वेळानं तोच म्हणतो, मॅडम बायकोला कसं सांगू. मग कामाला सुरुवात, बायकोची तपासणी, एचआयव्हीची औषधं मिळतात ते एआरटी सेंटर, गोळ्या कधी कशा घ्यायच्या सगळं. हे असं थांबणं पुस्तकातनं येत नाही, रोज नवीन माणूस समोर आला आणि चुकलं तर सांगणारं सिनियर शेजारी असलं तरच येतं.

म्हणून तुला मोबाईलवर येतात ना, तीन महिन्यात काउन्सेलर बना, त्यावर एक रुपया पण घालू नकोस. आपल्याकडं काउन्सेलर म्हणून पाटी लावायला अजून कुणी अडवत नाही, 2021 चा अलाईड हेल्थकेअरचा कायदा झालाय, त्यात सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर येतात, पुढं रजिस्ट्रेशन लागणारच, तेव्हा ह्या सर्टिफिकेटांना कोण विचारणार. आधी दोन वर्षांचं एमए, आणि कॉलेज निवडताना नाव बघू नकोस, फील्डवर्क किती आणि सुपरव्हिजन, म्हणजे आपलं काम बघून चुका सांगणं, कोण देतं ते विचार. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटला (टिस) काउन्सेलिंग सायकॉलॉजी आहे, त्याला सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पुणे आणि मुंबई विद्यापीठात पण एमए आहेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर मात्र आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन लागतं. त्यासाठी आतापर्यंत एमए नंतर दोन वर्षांचं एमफिल करायचे, आता एमफिल बंद होत चाललंय, यूजीसीनं क्लिनिकलसाठी 2025-26 पर्यंतच मुदत दिली होती, म्हणून कुठलाही कोर्स घेताना तो आरसीआयच्या यादीत आहे का ते साइटवर स्वतः बघायचं, कॉलेजवाल्यांच्या तोंडी शब्दावर जायचं नाही.

स्वतःची प्रॅक्टिस लगेच टाकायच्या गोष्टी करू नकोस, फी देणारे पेशंट एकमेकांच्या सांगण्यावरून येतात आणि त्याला वर्षं जातात.

अजून एक, आणि हे मी नर्स म्हणून सांगतेय. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकून रूमवर गेलं की ते सोबत येतं. तू लहानपणापासून मनाला लावून घेणारी आहेस. कितीही अडचण असली तरी तुझं सुपरव्हिजन आणि तुला स्वतःला कुणाशी बोलायचं असेल तर त्याची फी बंद करायची नाही, ती मी देईन, पगारातनं बाजूला काढते.

पप्पांशी मी बोलते. एमएची दोन वर्षं आणि नंतरची कमी पगाराची वर्षं घरातनं निघतील असा हिशोब मांडलाय, प्लॉटचा हप्ता संपतोय पुढच्या वर्षी. तू फक्त सीयूईटीचा फॉर्म कधी निघतो त्यावर लक्ष ठेव आणि तीन-चार कॉलेजांचं फील्डवर्क कसं असतं ते तिथल्या मुलींना विचारून मला पाठव. दिवाळीला आलीस की आयसीटीसीच्या ताईंना भेटायला जाऊ, मी विचारून ठेवलंय, दुपारी दोननंतर या म्हणाल्यात, तेव्हा गर्दी कमी असते.

तुझी,
आई