आबा, या गाडीचं म्हणाल तर

लेक्को, इटली

ती. आबा आणि सौ. आई यांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर गाडीचा विषय निघाला आणि घाईघाईत राहून गेला, म्हणून सविस्तर लिहायला बसले. आबा, तुमचं म्हणणं होतं की एवढे पैसे घालायचेच होते तर जर्मन गाडी का नाही घेतली? आणि आईचं म्हणणं, मुळात गाडी हवीच कशाला? आधी आबांचं बघते.

गाडी म्हणजे मोटारसायकल, मोतो गुझी या इटालियन कंपनीची, मॉडेल व्ही 85 टीटी. सेकंडहँड घेतली. 853 सीसी, 80 हॉर्सपॉवर, टाकी 23 लिटरची. लिटरला वीसच्या आसपास देते, म्हणजे टाकी फुल केली की चारशे किलोमीटर पंपाकडे बघायला नको. लांबच्या प्रवासाला आणि खराब रस्त्याला चालावी म्हणून ही जात बनवतात. उंच सस्पेन्शन, रुंद हँडल, पुढचं चाक 19 इंची, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. याच जातीच्या बीएमडब्ल्यू किंवा दुकाती हिच्यापेक्षा कितीतरी ताकदवान आहेत, हे मान्य. मला मात्र जिचं काम डोळ्यांनी बघून कळेल अशी गाडी हवी होती.

हिचे दोन सिलिंडर गुडघ्यांच्या पुढे डाव्या-उजव्या अंगाला बाहेर आलेत. वाराच त्यांना गार ठेवतो, त्यामुळे रेडिएटर नाही, पाणी नाही, होज फुटायची भानगड नाही. चेनसुद्धा नाही. तुमच्या एसटीसारखाच शाफ्ट मागच्या चाकाला फिरवतो. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, गाडीच्या लांबीत बसवलेला असल्यामुळे उभ्या गाडीला जरा रेस दिली की ती उजवीकडे झुकते. पहिल्यांदा दचकायला होतं, मग त्याची सवय होते आणि नंतर तेच आवडायला लागतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायला काही उघडून पसारा मांडावा लागत नाही. इंजिन गार असताना सिलिंडरवरचं झाकण काढलं की सगळं समोर. लॉकनट ढिला करायचा, फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्ती, सरकवायचं, ती किंचित अडकत सरकली पाहिजे, मग नट आवळायचा. लहानपणी भोर डेपोत तुम्ही मला मेकॅनिककाकांजवळ उभं करून चहाला जायचात ना, तिथे पाहिलेलं सगळं आता हाताला येतंय.

आणि ही गाडी जिथे जन्मली तिथेच अजून बनते. मांदेल्लो देल लारिओ हे गाव माझ्या घरापासून दहाएक किलोमीटरवर, कोमो तळ्याच्या काठी. मागे ग्रिन्या डोंगराचा कडा, पुढे पाणी, मध्ये चिंचोळ्या जागेत कारखाना. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या विमानदळात तिघांची दोस्ती जमली. कार्लो गुझी मेकॅनिक, जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी रावेल्ली वैमानिक. युद्ध संपल्यावर मोटारसायकली बनवायच्या असं ठरलं, पण रावेल्ली 1919 मध्ये विमान अपघातात गेला. उरलेल्या दोघांनी 1921 मध्ये कंपनी काढली आणि त्याच्या आठवणीसाठी टाकीवर पंख पसरलेला गरुड लावला. तो आजही आहे. गाडी पुसताना माझा हात तिथे जरा जास्त वेळ थांबतो.

पुढे 1928 मध्ये कार्लोचा भाऊ जुझेप्पे मागच्या चाकाला स्प्रिंगचं सस्पेन्शन बसवलेली 500 सीसीची गाडी घेऊन पार उत्तर नॉर्वेपर्यंत गेला. मागे स्प्रिंग लावली तर गाडी डगमगेल, असं तेव्हा लोकांना वाटायचं. त्याने चालवूनच दाखवलं, आणि त्या मॉडेलला नॉर्जे, म्हणजे नॉर्वे, हेच नाव पडलं. लांबच्या प्रवासाची गाडी म्हणजे काय, हे मला त्या माणसाकडून पटलं.

आता तुम्हाला आवडेल ते सांगते. 2004 पासून मोतो गुझी पियाजिओच्या मालकीची आहे. आपल्या बारामतीच्या एमआयडीसीतली, अॅपे रिक्षा आणि व्हेस्पा बनवणारी, तीच. आपल्या गल्लीतून दूध घेऊन जाणारी अॅपे आणि माझी गाडी एकाच घरच्या! मांदेल्लोतल्या एका म्हाताऱ्या कामगाराला हे सांगितलं तर त्याने बारामती शब्द दोनदा म्हणून घेतला आणि मला कॉफी पाजली.

घाटाचं विचारलं होतंत. इथला आल्प्समधला स्टेल्व्हिओ घाट 2,750 मीटरहून उंच आहे. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटर रचले तरी कमीच पडेल. 1820 ते 1825 या पाच वर्षांत, ऑस्ट्रियाच्या राजवटीत, कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरने तो बांधला. प्रातो गावाच्या बाजूला 48 हेअरपिन वळणं आहेत आणि प्रत्येकावर दगडात नंबर. उजवीकडचं वळण सगळ्यात कठीण, कारण आतली बाजू एकदम चढते. वरंधा घाटात तुम्ही सांगायचात तेच इथे कामी येतं: नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर, गिअर आधीच खालचा. मागचा ब्रेक हलकासा धरून ठेवायचा आणि पुढच्याला हात लावायचा नाही. स्वित्झर्लंडच्या बाजूला गेलं की ओफेन घाटात पोस्टाच्या पिवळ्या बस लागतात. आंधळ्या वळणाआधी त्यांचा तीन सुरांचा भोंगा वाजतो. निळ्या पाटीवर पिवळा भोंगा काढलेला असेल त्या डोंगरी रस्त्यावर बसला आधी वाट द्यायची आणि बसच्या ड्रायव्हरने सांगितलं तर मागेसुद्धा घ्यायची, असा कायदाच आहे. घाटात ड्रायव्हरला असा मान मिळालेला बघितला की मला तुमची खाकी आठवते.

आई, आता तुझं. आपलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, म्हणून मी नव्याने परीक्षा दिली. लेखी इटालियनमधून, मग मैदानात मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी, अरुंद पट्टीतून सरळ, आणि पन्नासच्या वेगावरून अचानक ब्रेक. गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, जॅकेटला कोपर-खांदा-पाठीला पॅड आहेत. थंडीत घाट बर्फाने बंदच असतात, तेव्हा गाडी शेडमध्ये असते. काळजी करू नको म्हणणार नाही, तू करणारच. पण हवीच कशाला, याचं उत्तर खरं सांगते: आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून जी मी असते, तिच्यापेक्षा घाटात मी जास्त तुमची मुलगी असते.

जूनमध्ये घाट उघडतात, तेव्हा या. आबांना मागे बसवून स्टेल्व्हिओच्या पायथ्याच्या बोर्मिओ गावापर्यंत नेईन. आईने वारेन्नाहून बेलाजिओला लाँचने जायचं, तळ्यातून डोंगर फार छान दिसतात. आबा, पासपोर्टची मुदत बघा. आणि कपाळावरून, कानांच्या वरून टेप फिरवून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये कळवा, हेल्मेट आधीच आणून ठेवते. टेप सैल धरू नका.

तुमची,
धाकटी