आडवाटेचा प्रसाद

प्रिय मंग्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गुडघा शेकत बसलो होतो. कारण सांगतो, पण हसायचं नाही. परवा रविवारी शहरातल्या त्या झाडीच्या उद्यानात गेलो होतो. तू ज्याला 'लावलेलं जंगल' म्हणून नाक मुरडतोस, तेच.

फाटकातून आत गेल्यावर शंभर पावलांत गारवा लागला, आणि तो नुसत्या सावलीचा नव्हता. पत्र्याच्या शेडखाली सावली असते, पण पत्रा स्वतःच तापून आपल्याला भाजतो. झाडाच्या पानांतून पाण्याची वाफ सुटत असते, म्हणून पान तितकं तापत नाही आणि भोवतालची हवाही निवते. जपानच्या वनखात्याने 1982 साली असल्या भटकण्याला 'शिन्रिन-योकू', म्हणजे वनस्नान, असं नाव दिलं. आपण शाळा बुडवून तेच करायचो, फक्त आपल्याला छड्या मिळायच्या!

आता गुडघ्याचं. टेकडीवरची पायवाट नागमोडी जाते. तिसऱ्या वळणाला मला कंटाळा आला. दोन वळणांच्या मधून लोकांनी सरळ खाली उतरणारी एक आडवाट पाडली होती, तीच धरली. (तुझी संगत, दुसरं काय.) वरची माती वाहून गेल्यामुळे मुळं उघडी पडली होती. ओल्या मुळावर पाय पडला आणि पुढचं अंतर मी बसूनच कापलं.

खाली एक कामगार फावड्याने वाट दुरुस्त करत होता. त्याने हात देऊन उठवलं आणि शांतपणे म्हणाला, "ही वाट आधी पाण्यासाठी आखलीये साहेब, मग माणसांसाठी." मग मला अर्धा तास धडा मिळाला. नीट आखलेली वाट उताराच्या अंगाला जरा कललेली असते, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून धावत न जाता आडवं ओलांडून निघून जातं. मधूनमधून तिरके दगड पुरलेले असतात, तेही पाणी बाहेर काढायला; मी ते पायऱ्या समजत होतो. आणि आडवाट? तिच्यावर पाणी वरपासून खालपर्यंत सुसाट धावतं, चर पडतो, चराची घळ होते. चार घाईच्या माणसांनी सुरुवात करायची, बाकीचं पाऊस करतो.

सहलीची टेबलं दाट झाडांखाली आहेत, म्हणजे होती. जुन्या झाडांखालची हलवून आता ती कडेच्या मोकळ्या जागेत मांडली आहेत. मी आधी चरफडलो, सावली गेली म्हणून. पण त्या जुन्या झाडांखालची जमीन बघितली तर ओट्यासारखी टणक. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि त्यांना हवा लागते. माती पायांनी दाबली गेली की हवाही नाही, पाणीही मुरत नाही. आता तिथे लाकडाच्या ढलप्या पसरून दोर बांधला आहे.

पुढे एक मोठा ओंडका वाटेशेजारी तसाच पडू दिला आहे. तू असतास तर त्यातून किती खुर्च्या निघतील ते मोजलं असतंस. मी वाकून बघितलं: सालीखाली अळ्या, एका बाजूला बुरशीचे पंखे, आणि सुतारपक्ष्याने केलेली भोकं. उभं असताना त्या झाडावर इतकी वर्दळ असेल असं वाटत नाही.

हो, 'लावलेलं जंगल' यावर माझं उत्तर राहिलंच. ब्राझीलमधल्या रिओ शहरातलं तिजुका जंगलही बरंचसं लावलेलंच आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी डोंगर उघडे केले, शहराचे झरे आटू लागले, तेव्हा 1861 पासून तिथे पुन्हा झाडं लावली. आज तिथे उभा राहून कोणतं झाड लावलेलं आणि कोणतं आपोआप आलेलं, हे तू मला ओळखून दाखव, मग मी हरलो.

गुडघ्याला अजून आठवडा लागेल. पुढच्या महिन्यात ये. सकाळी लवकर निघू, उन्हं चढली की टेबलं मिळत नाहीत. तळाला पकड असलेले बूट आण. आणि तुझा तो स्पीकर घरीच ठेव. परवा शेजारच्या टेबलावर तसलाच एक होता, आणि त्याच्या मालकाला सुतारपक्ष्याची टकटक ऐकूच आली नाही.

तुझा,
दिल्या